रिक्सिया ‘आदिम’ आहे का? जमिनीवरच्या पहिल्या वनस्पती आणि वंशवृक्ष वाचायची सवय

संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, की जमिनीवर वनस्पती कशा आल्या. उत्तर ठरलेलं असतं. आधी शैवाल, मग ब्रायोफायटा, मग टेरिडोफायटा, मग जिम्नोस्पर्म आणि शेवटी फुलझाडं. जणू काही एक जिना आहे आणि वनस्पती एकेक पायरी चढत वर आल्या. बी.एस्सी.चे पेपरही साधारण याच क्रमाने शिकवले जातात, त्यामुळे शिकवण्याचा क्रम म्हणजेच उत्क्रांतीचा क्रम, असं डोक्यात पक्कं बसतं.

आजच्या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. हा जिना नाही, हे झाड आहे. आणि या झाडाची एक फांदी इकडची तिकडे केली, की ‘पहिली वनस्पती कशी होती’ या प्रश्नाचं उत्तरच बदलतं. गेल्या दहा-बारा वर्षांत नेमकं हेच झालंय.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून करू. कोकणात पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर जे काही हिरवं चढतं, त्या सगळ्याला आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो. पण त्या हातभर जागेत कमीत कमी चार वेगळ्या प्रकारचे सजीव असू शकतात: हिरवं शैवाल, मॉसची मखमल, रिक्सियासारख्या लिव्हरवर्टच्या दुभागलेल्या चकत्या आणि अँथोसेरॉससारख्या हॉर्नवर्टची उभी, बारीक शिंगं. पाय घसरायच्या दृष्टीने यांच्यात काही फरक नसतो. उत्क्रांतीच्या दृष्टीने प्रचंड असतो.

आता लक्षात ठेवायची पहिली गोष्ट. रिक्सिया आंब्याचा पूर्वज नाही. आंबा आणि रिक्सिया यांच्या वंशरेषा वेगळ्या झाल्या त्याला ४५ कोटींहून जास्त वर्षं झाली. तेव्हापासून आंब्याची वंशरेषा जितकी वर्षं बदलत आली, तितकीच वर्षं रिक्सियाचीही बदलत आली आहे. दोघंही आज जिवंत आहेत, म्हणजे दोघंही एकमेकांचे भाऊबंद. चुलत भाऊ अंगाने लहान आहे म्हणून त्याला कुणी आजोबा म्हणत नाही!

मग खरा आजोबा कसा होता हे शोधायचं कसं? आपल्याकडे तीन प्रकारचे साक्षीदार आहेत: पाण्यातले जिवंत नातेवाईक, दगडातले जीवाश्म आणि आजच्या वनस्पतींचे जनुकसंच. तिघांची साक्ष क्रमाने घेऊ.

पाण्यातला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण?

जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती, म्हणजे मॉसपासून वडापर्यंत सगळ्या, मिळून एक गट होतो: एम्ब्रियोफायटा. या सगळ्यांचा गर्भ मातृवनस्पतीच्या शरीरातच वाढतो, म्हणून हे नाव. हा गट हिरव्या शैवालांच्या स्ट्रेप्टोफायटा नावाच्या शाखेतून आला, याबद्दल आज वाद नाही. या शाखेत काही ओळखीची मंडळी आहेत: कारा, कोलिओकीट, स्पायरोगायरा.

यातला सख्खा भाऊ कोण? बराच काळ बहुतेकांचं बोट काराकडे होतं, आणि त्याला कारणंही होती. काराचं शरीर गुंतागुंतीचं असतं, त्याला पेरं असतात, पेरांवर फांद्या असतात, अंडपेशीभोवती संरक्षक आवरण असतं. जिन्याच्या हिशोबाने विचार केला तर वनस्पतीच्या खालची पायरी म्हणून कारा अगदी शोभून दिसतो.

पण शेकडो जनुकं एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणांनी वेगळंच उत्तर दिलं. २०१४ मध्ये विकेट आणि सहकाऱ्यांनी, आणि २०१९ मध्ये हजाराहून जास्त वनस्पतींच्या ट्रान्सक्रिप्टोमवर आधारलेल्या मोठ्या प्रकल्पाने, झिग्निमॅटोफायसी हा गट सख्खा भाऊ ठरवला. म्हणजे स्पायरोगायराचा गट. ज्याचं शरीर म्हणजे पेशींची एक साधी माळ, काही जातींमध्ये तर फक्त एक पेशी. ज्याच्या युग्मकांना शेपट्याही नसतात.

हे पटायला जड जातं, कारण ‘जवळचा नातेवाईक सारखा दिसायलाच हवा’ असं आपण गृहीत धरतो. पण निष्कर्ष सरळ आहे. कारासारखी गुंतागुंत एकदा आली आणि झिग्निमॅटोफायसीमध्ये ती बरीचशी गळून गेली, किंवा काराच्या शाखेत ती स्वतंत्रपणे वाढली. शेपट्यांच्या बाबतीत तर शंकाच नाही. मॉस, लिव्हरवर्ट, नेचे या सगळ्यांच्या शुक्रपेशींना शेपट्या आहेत, काराच्याही आहेत. म्हणजे झिग्निमॅटोफायसीने त्या गमावल्या. साधं म्हणजे जुनं असं नसतं. साधं म्हणजे कधीकधी सोडून दिलेलं असतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे तीनदा उपयोगी पडणार आहे.

याच गटातल्या, जमिनीवर किंवा ओलसर जागी राहणाऱ्या दोन शैवालांचे जनुकसंच २०१९ मध्ये चेंग आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्यात वनस्पतींच्या दुष्काळ-सहनशीलतेशी संबंधित दोन जनुक-कुळं सापडली, ग्रास आणि पीवायएल. ही कुळं मातीतल्या जिवाणूंकडून आडव्या जनुक-स्थलांतराने आली असावीत, असा लेखकांचा प्रस्ताव आहे. म्हणजे जमिनीवर येण्याची काही हत्यारं जमिनीवर यायच्या आधीच हातात होती.

बीजाणू: आधी हा आला, झाड नंतर दिसलं

आता दगडांकडे वळू. पण त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: जमिनीवरच्या वनस्पतींनी नवीन काय केलं?

शैवालांच्या या शाखेत दोन युग्मकं एकत्र येऊन झायगोट बनतो आणि त्याचं लगेच अर्धसूत्री विभाजन होतं. म्हणजे द्विगुणित अवस्था एका पेशीपुरतीच. जमिनीवरच्या वनस्पतींनी या दोन घटनांच्या मध्ये एक नवी अवस्था घुसवली. झायगोट आधी साधं विभाजन करून वाढतो, त्याचं बहुपेशीय शरीर बनतं, म्हणजे स्पोरोफाइट, आणि मग त्यात अर्धसूत्री विभाजनाने ढिगाने बीजाणू तयार होतात. फ्रेडरिक बॉवर यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार सविस्तर मांडला होता. जमिनीवर फलनासाठी लागणारं पाणी क्वचित मिळतं. मग एका फलनातून एकाऐवजी शेकडो-हजारो बीजाणू मिळवता आले, तर तो मोठा फायदा ठरतो.

या बीजाणूंच्या भिंतीत स्पोरोपोलेनिन नावाचं अत्यंत चिवट द्रव्य असतं. काराच्या शाखेतल्या शैवालांत तसंच चिवट द्रव्य झायगोटच्या भिंतीत सापडतं. म्हणजे द्रव्य जुनंच, फक्त ते तयार करण्याची वेळ आणि जागा बदलली. उत्क्रांतीत नवीन गोष्टी बऱ्याचदा अशाच येतात. सामान घरातलंच असतं, मांडणी नवी असते.

हे द्रव्य इतकं चिवट आहे, की दगड हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवला तरी बीजाणू शिल्लक राहतात. बीजाणूंचे जीवाश्म शोधायची पद्धत हीच आहे. या पद्धतीने मिळालेला पुरावा असा:

अर्जेंटिनाच्या वायव्य भागातून रुबिन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मध्य ऑर्डोव्हिशियन काळातले, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणू नोंदवले. हे एकेकटे नसून बऱ्याचदा दोन-दोन किंवा चार-चार चिकटलेले असतात. त्यांना क्रिप्टोस्पोर म्हणतात.

ओमानमधून वेलमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, ऑर्डोव्हिशियनच्या उत्तरार्धातले बीजाणू नुसते नाही, तर ते ज्या थैलीत तयार झाले तिच्या तुकड्यांसकट दाखवले. म्हणजे हे खरोखर वनस्पतीचे आहेत, याला बळ मिळालं. भिंतीच्या सूक्ष्मरचनेवरून त्यांचं नातं लिव्हरवर्टशी असावं, असंही सुचवलं गेलं.

ऑस्ट्रेलियातून स्ट्रोदर आणि फॉस्टर यांनी २०२१ मध्ये सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणूसदृश सूक्ष्मजीवाश्म मांडले. हे धड शैवालाचे नाहीत आणि धड वनस्पतीचेही नाहीत, असे मधले.

आणि पहिलं ओळखता येईल असं वनस्पतीचं शरीर कधीचं? कुकसोनिया. विल्यम लँग यांनी १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ इझाबेल कुक्सन यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. काही सेंटिमीटरचं, पानं नसलेलं, दुभागत जाणारं काडीसारखं खोड आणि टोकाला बीजाणूंच्या थैल्या. सगळ्यात जुने नमुने सिल्युरियन काळातले, सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे.

गणित करा: ४७ वजा ४३. चार कोटी वर्षं बीजाणू आहेत, पण झाड नाही. त्यातच रेण्वीय घड्याळाचा हिशोब आणखी मागे जातो. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एम्ब्रियोफायटाचा उगम मध्य कँब्रियन ते पूर्व ऑर्डोव्हिशियन, म्हणजे सुमारे ५१.५ ते ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यात ठेवला.

मग खरं कोण, घड्याळ की दगड? संशोधनात असा प्रश्न आला की बाजू निवडायची घाई करू नका. आधी विचारा, की दोघं एकच गोष्ट मोजतायत का? बीजाणूची भिंत चिवट, शरीर मऊ. म्हणून शरीर सापडायची शक्यता मुळातच कमी. त्यात ऑर्डोव्हिशियन काळातले जमिनीवर साचलेले खडक फार कमी उरलेत, बहुतेक खडक समुद्रातले आहेत. आणि स्ट्रोदर-फॉस्टर यांचं म्हणणं असं, की वनस्पतीपणाची जनुकं एकदम गोळा झाली नाहीत. काही शैवाल-अवस्थेतच होती, काही नंतर आली, आणि बीजाणू बनवण्याची पद्धत हळूहळू जुळत गेली. तसं असेल तर घड्याळ जी जनुकं मोजतं ती जुनी, आणि दगड जे शरीर दाखवतो ते नवं, यात भांडण नाहीच.

रायनी: जिन्यात न बसणाऱ्या वनस्पती

स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनशरमध्ये रायनी नावाचं गाव आहे. तिथे साधारण १९१२ च्या सुमारास विल्यम मॅकी या डॉक्टरांना, ज्यांचा भूशास्त्र हा छंद होता, एक वेगळा गारगोटीसारखा दगड दिसला. तो पातळ कापून पाहिला तर आत वनस्पती होत्या, पेशीन् पेशी दिसेल अशा टिकलेल्या. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतलं सिलिकायुक्त पाणी आजूबाजूच्या वनस्पतींवर पसरलं आणि त्या जागच्या जागी दगड झाल्या. किडस्टन आणि लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात पाच शोधनिबंधांतून त्यांचं वर्णन केलं.

या वनस्पतींपैकी अ‍ॅग्लाओफायटॉन ही आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. तिचा स्पोरोफाइट स्वतंत्र उभा राहतो, त्याला फांद्या फुटतात, बऱ्याच फांद्यांच्या टोकाला बीजाणूंच्या थैल्या असतात. म्हणजे टेरिडोफायटासारखी? पण तिच्या पाणी वाहणाऱ्या पेशींच्या भिंती ट्रॅकिडसारख्या जाड झालेल्या नाहीत. त्या मॉसमधल्या पाणीवाहक पेशींची आठवण करून देतात. म्हणजे ब्रायोफायटासारखी? पण ब्रायोफायटाच्या स्पोरोफाइटला फांद्या नसतात!

शिवाय रायनीमध्ये गॅमेटोफाइटही सापडले. अ‍ॅग्लाओफायटॉनचा गॅमेटोफाइट, ज्याला आधी लायोनोफायटॉन असं वेगळं नाव मिळालं होतं, तो जमिनीवर पसरलेली चपटी चकती नाही. तो उभा आहे आणि त्याच्या टोकाशी वाटीसारख्या भागात पुंयुग्मकधानी आहेत. आज मॉसमध्ये गॅमेटोफाइट मोठा आणि स्पोरोफाइट त्याच्यावर अवलंबून. नेच्यात स्पोरोफाइट मोठा आणि गॅमेटोफाइट नखाएवढा. रायनीत मात्र दोन्ही पिढ्या उभ्या आणि बऱ्याच सारख्या बांध्याच्या.

कुकसोनियाबद्दलही असाच प्रश्न आहे. केव्हिन बॉइस यांनी २००८ मध्ये दाखवलं, की कुकसोनियाच्या काही नमुन्यांचं खोड इतकं बारीक आहे, की पाणी वाहणाऱ्या आणि आधार देणाऱ्या पेशी वजा केल्या तर प्रकाशसंश्लेषणाला जागाच उरत नाही. मग तो स्पोरोफाइट जगला कशावर? बहुधा गॅमेटोफाइटच्या जीवावर, जसा मॉसचा जगतो.

म्हणजे जिन्यातल्या ‘ब्रायोफायटा’ आणि ‘टेरिडोफायटा’ या दोन पायऱ्यांच्या मध्ये अशा वनस्पती होत्या, ज्या आज कुठेच नाहीत. जिवंत गटांची यादी म्हणजे पूर्ण इतिहास नव्हे. ती फक्त वाचलेल्यांची यादी आहे.

रायनीने आणखी एक गोष्ट दिली. अ‍ॅग्लाओफायटॉनच्या पेशींत बुरशीचे झुडपासारखे फांद्या फुटलेले तंतू, म्हणजे अर्बस्क्यूल, आढळले. रेमी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले. मुळं यायच्या आधीच वनस्पतींची बुरशीशी भागीदारी होती. फॉस्फरस आणून द्यायचा बुरशीने, अन्न द्यायचं वनस्पतीने.

एक फांदी हलवली, की काय होतं?

आता लेखाच्या मुख्य मुद्द्यावर येऊ. मॉस, लिव्हरवर्ट, हॉर्नवर्ट आणि संवहनी वनस्पती, म्हणजे नेचे ते फुलझाडं, यांचं आपापसांतलं नातं काय?

जुन्या जिन्यात क्रम असा होता: सगळ्यात आधी लिव्हरवर्ट वेगळे झाले, मग मॉस, मग हॉर्नवर्ट, आणि हॉर्नवर्ट हे संवहनी वनस्पतींचे सख्खे भाऊ. याला आपण ‘झाड अ’ म्हणू. पुटिक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, आणि हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये, मोठ्या जनुक-संचांवर आणि अधिक काटेकोर सांख्यिकी मॉडेल वापरून दुसऱ्या झाडाला पाठिंबा दिला. त्यात लिव्हरवर्ट आणि मॉस हे सख्खे भाऊ, त्या दोघांचा भाऊ हॉर्नवर्ट, आणि हे तिन्ही मिळून एकच शाखा. संवहनी वनस्पती ही तिच्यासमोरची दुसरी शाखा. हे ‘झाड ब’.

आता पर्णरंध्रांची गोष्ट घ्या. मॉसमध्ये पर्णरंध्रं आहेत, हॉर्नवर्टमध्ये आहेत, संवहनी वनस्पतींमध्ये आहेत. लिव्हरवर्टमध्ये नाहीत, मार्कँशियाच्या वरच्या बाजूला हवेची छिद्रं असतात, पण ती पर्णरंध्रं नव्हेत. एक कागद घ्या आणि दोन्ही झाडं काढून मोजा:

झाड अ: लिव्हरवर्ट वेगळे झाल्यानंतर पर्णरंध्रं एकदा आली. एकूण बदल: १. निष्कर्ष: पहिल्या वनस्पतीला पर्णरंध्रं नव्हती आणि लिव्हरवर्ट तिच्यासारखे आहेत.

झाड ब, पहिला पर्याय: पर्णरंध्रं सगळ्यांच्या समाईक पूर्वजात एकदा आली, लिव्हरवर्टने गमावली. एकूण बदल: २.

झाड ब, दुसरा पर्याय: संवहनी वनस्पती, मॉस आणि हॉर्नवर्ट यांच्यात तीनदा स्वतंत्रपणे आली. एकूण बदल: ३.

वनस्पती त्याच, लक्षणं तीच, एकही नवा जीवाश्म नाही. फक्त फांदी हलली आणि उत्तर उलटं झालं. झाड ब वर कमीत कमी बदलांचा हिशोब सांगतो, की पहिल्या जमिनीवरच्या वनस्पतीला पर्णरंध्रं होती आणि लिव्हरवर्टचा साधेपणा हा नंतरचा आहे.

अर्थात इथे एक गृहीतक लपलंय: मिळवणं आणि गमावणं यांची किंमत आपण सारखीच धरली. तीन आणि दोन यांत फरक फक्त एकाचा आहे, तेवढ्यावर थांबून चालणार नाही. म्हणून स्वतंत्र पुरावा बघायचा. चेटर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फिस्कोमिट्रियम या मॉसमधली दोन जनुकं बंद केली. ही जनुकं अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये पर्णरंध्रं घडवणाऱ्या जनुकांच्याच कुळातली. जनुकं बंद केल्यावर मॉसच्या बीजाणूथैलीवर पर्णरंध्रं आलीच नाहीत. म्हणजे दोन्हीकडे यंत्रणा एकाच घराण्यातली. ‘तीनदा स्वतंत्रपणे’ या पर्यायाला हे जड जातं.

आणि गमावणं दुर्मीळ आहे का? अजिबात नाही. हॉर्नवर्टमध्येच बघा: अँथोसेरॉसला पर्णरंध्रं आहेत, पण आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या नोटोथायलासला नसतात. मॉसच्या काही गटांतही ती गेलेली आहेत. म्हणजे ब्रायोफायटामध्ये पर्णरंध्रं जाणं ही वारंवार घडलेली गोष्ट आहे.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे

हे सगळं जीनोमच्या काळातलं वाटत असेल तर शंभर वर्षं मागे जाऊ. लाहोरमध्ये शिवराम कश्यप हे वनस्पतिशास्त्रज्ञ हिमालयातल्या लिव्हरवर्टचा अभ्यास करत होते. भारतीय ब्रायोलॉजीचा पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या लिव्हरवर्टवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये आला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९१९ मध्ये, हिमालयात नव्याने सापडलेल्या रूपांच्या आधारे त्यांनी या गटातल्या नात्यांची मांडणी केली. लिव्हरवर्टमधली साधी रूपं ही सुरुवात नसून गुंतागुंतीच्या रूपांचा ऱ्हास होऊन आलेली आहेत, या मताचे ते पुरस्कर्ते होते.

आता रिक्सियाकडे बघा. तिच्या स्पोरोफाइटला ना पाद, ना दांडा. नुसती बीजाणूंची थैली. पाठ्यपुस्तकात ‘सर्वांत साधा स्पोरोफाइट’ म्हणून ती पहिल्या पायरीवर बसवली जाते. पण डीएनएवर आधारलेल्या वंशवृक्षांत रिक्सिया मार्कँशियाच्या गटाच्या आत, बरीच आतल्या फांदीवर येते. तिच्या आजूबाजूच्या नातेवाइकांना पाद आणि दांडा आहेत. म्हणजे रिक्सियाने ते सोडले. हातभिंग, सूक्ष्मदर्शक आणि हिमालयातली पायपीट एवढ्या बळावर कश्यप ज्या दिशेला बोट दाखवत होते, ती दिशा बरोबर होती.

म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: रिक्सिया आदिम नाही. ती काटकसरी आहे.

याने काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, फांद्या इकडच्या तिकडे झाल्या, पण त्याने फरक काय पडतो? दोन उदाहरणं देते.

पहिलं प्रयोगशाळेतलं. मार्कँशिया पॉलिमॉर्फाचा जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही वनस्पती जगभर मॉडेल म्हणून वापरात आली. वाढवायला सोपी, जनुकांच्या प्रती कमी, सगळं सोयीचं. पण तिच्यात अर्बस्क्यूलवाली बुरशी राहत नाही, आणि त्या भागीदारीसाठी लागणारी जनुकंही तिच्यात गेलेली आहेत. समजा, कुणी तिला ‘पहिल्या वनस्पतीचा नमुना’ धरलं तर? तो म्हणेल, पहिल्या वनस्पतीला बुरशीची गरज नव्हती. रायनीचा दगड याच्या नेमकं उलट सांगतो. तिची जवळची बहीण मार्कँशिया पॅलेसियामध्ये मात्र ही भागीदारी शाबूत आहे. रिच आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तिच्यावरच काम केलं आणि दाखवलं, की वनस्पतीकडून बुरशीला मेद पुरवायची यंत्रणा लिव्हरवर्टमध्येही आहे आणि ती मोडली तर भागीदारीही मोडते. फुलझाडांत आणि लिव्हरवर्टमध्ये एकच यंत्रणा, म्हणजे ती त्यांच्या समाईक पूर्वजातही होती. एकाच वंशातल्या दोन जाती. एक निवडली तर उत्तर चुकतं, दुसरी निवडली तर बरोबर येतं.

दुसरं उदाहरण पृथ्वीच्या हवामानाचं. ऑर्डोव्हिशियनच्या शेवटी पृथ्वी थंड झाली, हिमनद्या पसरल्या. लेंटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असा विचार मांडला, की पहिल्या वनस्पतींनी खडकांची झीज वाढवली, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला आणि थंडी वाढायला हातभार लागला. यासाठी त्यांनी आजचं मॉस खडकांवर वाढवलं, किती खनिजं विरघळतात ते मोजलं आणि तो आकडा मॉडेलमध्ये घातला. प्रयोग देखणा आहे. पण तुम्ही हा लेख इथवर वाचलाय, तेव्हा पुढचा प्रश्न तुम्हीच विचाराल: आजचं मॉस हे ऑर्डोव्हिशियन काळातल्या वनस्पतीच्या जागी उभं राहू शकतं का? तिचा गॅमेटोफाइट केवढा होता, तिच्यात बुरशी होती का, किती जमीन तिने व्यापली होती? या उत्तरांवर तो आकडा हलतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हवेचा हिशोब शेवटी वंशवृक्षातल्या एका फांदीवर टेकलेला असतो.

शोधनिबंध वाचताना

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी यातून निघणारे चार प्रश्न. या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध हातात घ्याल तेव्हा ते समासात लिहा.

१. लेखकांनी कुठलं झाड वापरलंय? झाड अ की झाड ब? २०१० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच निबंधांतलं झाड जिन्यासारखं आहे. निबंध त्याने टाकाऊ होत नाही. त्यातली निरीक्षणं घ्यायची आणि निष्कर्ष नव्या झाडावर पुन्हा मोजायचे. पर्णरंध्रांचं गणित वर केलं तसंच.

२. ‘आदिम’, ‘बेसल’, ‘लोअर’ असे शब्द कुठे आलेत? तो शब्द वनस्पतीला लावलाय की लक्षणाला? लक्षण पूर्वापार चालत आलेलं असू शकतं. जिवंत जात पूर्वज असू शकत नाही.

३. एखादी गोष्ट ‘नाही’ असं म्हटलंय तेव्हा ती कधीच नव्हती की होती आणि गेली? यासाठी एका जातीवर थांबू नका. तिच्या दोन-तीन जवळच्या नातेवाइकांत काय आहे ते बघा. मार्कँशियाच्या दोन बहिणी आठवा.

४. दोन पुरावे भांडतायत तेव्हा ते एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? बीजाणूचं वय, शरीराचं वय आणि जनुकाचं वय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक घरचा अभ्यास. पावसाळा ऐन भरात असताना अँथोसेरॉस आणि नोटोथायलास दोन्ही गोळा करा. ओलसर मातीच्या बांधावर, वाटेच्या कडेला मिळतात. स्पोरोफाइटची साल सोलून काचपट्टीवर घ्या आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं मोजा. एकात दिसतील, दुसऱ्यात नाही. मग एकच प्रश्न स्वतःला विचारा: या दोघांत ‘जुनं’ कोण? उत्तर द्यायला जीभ लगेच वळली नाही, तर हा लेख कामाला आला असं समजा.